तांबेरी नौटंकी आहे का हो?

प्रश्न : ताई, माझी मुलगी नववीत आहे, हाय जंप करते. त्या इटलीच्या तांबेरीचे व्हिडिओ बघून हीपण उडीआधी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावते. तिचे सर म्हणतात नौटंकी बंद, आधी बार क्लिअर कर. काय सांगू तिला? (एक आई, सातारा)

उत्तर : सरांचं अर्धं बरोबर, बार आधीच. पण जानमार्को तांबेरीला नुसतं नौटंकी म्हणून सोडून देणं मला पटत नाही. अर्धी दाढी ठेवून अर्धा गाल सफाचट करून मैदानात यायचं, हातवारे करून अख्खं स्टेडियम उठवायचं, हरला की सगळ्यांसमोर ढसाढसा रडायचं, हे सगळं आहेच, पण त्याच्या पायाला काय झालं तेही बघा ना. 15 जुलै 2016, मोनाको, गडी 2.39 मीटर उडाला, इटलीचा रेकॉर्ड, आणि त्याच वर्षी वर्ल्ड इनडोअर आणि युरोपियन दोन्ही गोल्ड खिशात, तरी बार 2.41 वर लावायला सांगितला आणि तिथेच टेकऑफच्या, म्हणजे उडी घ्यायच्या पायाच्या घोट्याचं लिगामेंट फाटलं. रिओ ऑलिम्पिक तीन आठवड्यांवर होतं! हाय जंपमध्ये धावण्याचा बराचसा वेग शेवटच्या एका पावलावर वरच्या दिशेला वळवायचा असतो, त्यामुळे घोटा गेला की सगळंच गेलं. यानं काय केलं तर प्लास्टरवर लिहिलं 'रोड टू टोकियो 2020', कोविडनं स्पर्धा पुढे ढकलली तर 2020 खोडून 2021 केलं, आणि टोकियोत ते प्लास्टर घेऊनच आला नि गोल्ड मारलं. मग वडिलांशी, जे स्वतः 1980 च्या मॉस्को ऑलिम्पिकला उडी मारून आलेले आणि त्याचे कोच होते, त्यांच्याशी फाटलं, नवा कोच घेतला, आणि 2023 ला बुडापेस्टमध्ये 2.36 मारून वर्ल्ड चॅम्पियन.

आता मुलीला पॅरिस 2024 ची फायनल दाखवा. त्याआधी उद्घाटनाच्या दिवशी इटलीचा झेंडा हातात असताना लग्नाची अंगठी सेन नदीत पडली, त्यात किडनी स्टोन, फायनलच्या दिवशीच कळा, अँब्युलन्स. तरी आला, 2.22 च्या पुढे जमलं नाही, अकरावा. तिथे टाळ्यांचा काही उपयोग नव्हता, ताकदच संपलेली.

म्हणून माझं म्हणणं, टाळ्यांचा एक आणि टाळ्यांशिवाय एक व्हिडिओ काढा आणि रन-अपची पावलं तीच पडतायत का बघा. तीच पडत असतील तर वाजवू दे की! टाळ्यांनी वेग वाढून शेवटचं पाऊल बारच्या जवळ जात असेल तर मग सरांचं ऐका.

प्रश्न : टोकियोत तांबेरी आणि तो कतारचा बार्शिम, दोघांनी गोल्ड वाटून घेतलं ती सेटिंगच ना? (एक काका, पुणे)

उत्तर : नाही हो काका. दोघांनी 2.37 पर्यंत एकही प्रयत्न वाया घालवला नव्हता आणि 2.39 ला दोघेही तीनदा फेल, म्हणजे प्रयत्न मोजूनही फरक निघेना. पंच जंप-ऑफचं, म्हणजे बरोबरी सुटेपर्यंत आणखी उड्या मारायचं सांगत होते तेवढ्यात बार्शिमनं विचारलं, दोन गोल्ड मिळतील का? नियमात बसतं, मिळाली. 2018 मध्ये बार्शिमचाही घोटा गेलेला, त्यामुळे एकमेकांचं दुखणं त्यांना बरोबर कळत होतं. पॅरिसला न्यूझीलंडचा केर आणि अमेरिकेचा मॅकइवन 2.36 वर बरोबरीत अडले, त्यांनी मात्र जंप-ऑफ घेतली आणि केर जिंकला. मला दोन्ही चालतं, पण टोकियो जरा जास्तच आवडलं.

प्रश्न : आपल्याकडे कुणी आहे का या लेव्हलचं?

उत्तर : आहे ना, नाशिक जिल्ह्यातला सर्वेश कुशारे! सप्टेंबर 2025 ला टोकियोच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये हाय जंपच्या फायनलला पोचलेला पहिला भारतीय, 2.28 मारून सहावा. तांबेरी त्याच स्पर्धेत पात्रता फेरीतच 2.16 वर बाहेर पडला होता, आणि आपल्याकडच्या कितीतरी पेपरांनी सर्वेशची बातमी आतल्या पानावर कोपऱ्यात टाकली, जाऊ दे.