फूट पीलचं पाकीट उघडण्याआधी

पाऊस ओसरला की माझ्या ठाण्यातल्या दवाखान्यात टाचा दाखवायला येणाऱ्यांची गर्दी वाढते. या वेळी पत्रांमध्येही एकच विषय दिसला, घरी करायचं फूट पील. आत द्रव भरलेले प्लास्टिकचे मोजे मिळतात. तास-दीड तास पायात घालायचे, पाय धुवायचे आणि पुढच्या काही दिवसांत तळपायाची जाड कातडी सोलून निघते. त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

बहिणीच्या हळदीला बारा दिवस उरलेत. रविवारी फूट पीलचे मोजे दीड तास घातले होते. आज बुधवार, काहीच फरक नाही. दुसरं पाकीट आणून ठेवलंय, आज पुन्हा करू का? (वाचक, कोपरखैरणे)

अजिबात करू नका. पीलचं काम सुरू झालेलं आहे, फक्त अजून दिसत नाही. तळपायाच्या मृत पेशींचा थर शरीरात सर्वांत जाड असतो आणि त्या पेशी प्रथिनांच्या बारीक टाक्यांनी एकमेकींना घट्ट धरून असतात. मोज्यातल्या द्रवात बहुतेक वेळा ग्लायकोलिक, लॅक्टिक किंवा सॅलिसिलिक आम्ल असतं, कधी जोडीला युरिया. ही द्रव्यं ते टाके सैल करतात. प्लास्टिकमुळे ती उडून जात नाहीत आणि खोलवर मुरतात. थर मात्र नंतर चालता-चालता सुटतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी सोलायला सुरुवात होते आणि दोन आठवडे तरी ते चालतं. आज दुसरं पाकीट वापरलंत तर आम्ल मृत थरावर न थांबता खालच्या जिवंत त्वचेपर्यंत जाईल.

रोज रात्री दहा-पंधरा मिनिटं पाय कोमट पाण्यात बुडवून ठेवा. सुटलेली कातडी ओढू नका, टोकं लहान कात्रीने कापा. ओढली की जिवंत कातडीही सोबत येते आणि तिथे लालभडक, दुखरी जागा होते. हळदीच्या दिवशी कडेला थोडे पापुद्रे राहिले तर राहू देत. यापुढे कार्यक्रमाच्या किमान तीन ते चार आठवडे आधी पील करा आणि दोन पील्समध्ये महिन्याहून कमी अंतर ठेवू नका.

एक गोष्ट पाकिटावर बारीक अक्षरात असते, म्हणून सांगते. ते मोजे घालून घरात फिरू नका. लादीवर पाय सटकतो. दीड तास एका जागी बसून राहा.

आई ६३ वर्षांची आहे, १४ वर्षांपासून मधुमेह. टाचा खूप जाड आणि खरखरीत झाल्यात. दिवाळीआधी मी स्वतः बसून तिला फूट पील करून देणार आहे. काय काळजी घेऊ? (वाचक, कळवा)

तुमची माया समजते, पण आईंना हे पील करू नका. शेजारी बसून लक्ष ठेवलंत तरीही नको.

द्रव जास्त लागला की तुम्हाला-मला चुरचुरतं, आपण लगेच पाय धुतो. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात पायाच्या नसा बधिर होत जातात. मग ते चुरचुरणं आईंना जाणवेलच असं नाही आणि तुम्हाला ते बाहेरून दिसणार नाही. त्यात पायाचा रक्तपुरवठा कमी झालेला असेल तर नखाएवढी जखमही आठवडेच्या आठवडे भरत नाही. माझ्याकडे आलेल्या एका काकांच्या मुलाने असंच प्रेमाने पील करून दिलं होतं. चौथ्या दिवशी त्यांच्या मोज्याला रक्ताचा डाग दिसला, तेव्हा कुठे घरात कळलं. काकांना काही दुखलंच नव्हतं. पुढे कित्येक आठवडे ड्रेसिंग चाललं.

त्याऐवजी हे करा. डॉक्टरांकडून आईंच्या पायाची संवेदना तपासून घ्या. १० ग्रॅम दाब देणारा नायलॉनचा धागा तळपायाला टेकवून स्पर्श कळतो का ते पाहतात, दोन मिनिटांचं काम आहे. पायाच्या नाडीचे ठोकेही बघायला सांगा. घरी रोज रात्री आईंचे तळपाय उजेडात नीट बघा. त्या एकट्या असतील तर जमिनीवर आरसा ठेवून त्यांना बघता येईल. आंघोळीचं पाणी किती गरम आहे ते पायाने न बघता हाताच्या कोपराने बघायचं. आंघोळीनंतर १० टक्के युरियाचं क्रीम टाचांना आणि तळव्याला लावा, बोटांच्या बेचकीत नको, तिथे ओल साचते. वज्री आणि ब्लेड घरात असेल तर ते आईंच्या पायापासून लांब ठेवा. कुरूपावर लावायच्या पट्ट्याही नकोत, त्यात ४० टक्क्यांपर्यंत सॅलिसिलिक आम्ल असतं. टाचा मऊ व्हायला महिना-दीड महिना लागेल. दिवाळीपर्यंत झाल्या नाहीत तरी चालेल.

टाचांना खोल भेगा आहेत, कधीकधी रक्त येतं. पीलने वरची कातडी गेली की भेगाही जातील ना? (वाचक, नौपाडा)

भेग म्हणजे उघडी जखम. तिच्यात आम्ल गेलं की आग होईल आणि भेग आणखी खोल जाईल. आधी भेगा भरू द्या, पीलचा विचार मग.

तळपायाच्या त्वचेत तेलाच्या ग्रंथीच नसतात. तिला जे तेल-तूप द्यायचं ते आपणच द्यायचं असतं. आमच्या आजोळी, कोकणात, थंडीत भिरंडेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल पळीत वितळवून टाचांच्या भेगांत भरायचे. तो उपाय आजही चांगला आहे. भिरंडेल घट्ट असल्यामुळे भेगेत बसून राहतं आणि ओल धरून ठेवतं. फक्त वितळवल्यावर कोमट होऊ द्या, चटका बसेल इतकं गरम लावू नका. ते मिळालं नाही तर साधी पेट्रोलियम जेली घ्या. रात्री पाय पाच मिनिटं भिजवा, टिपून घ्या, ओलसर असतानाच लावा आणि वर सुती मोजे घाला. मागून उघड्या चपला महिनाभर बाजूला ठेवा, त्यात टाच बाहेर पसरते आणि भेग उघडत राहते. पार्लरमध्ये ब्लेडने टाच तासून घेत असाल तर ते आधी बंद करा. तासलेली कातडी पुन्हा जाड होऊनच येते.

मी दर वर्षी नवरात्रात नऊ दिवस अनवाणी असते, रोज टेंभीनाक्याच्या देवीला चालत जाते. पाय स्वच्छ दिसावेत म्हणून घटस्थापनेच्या आठवडाभर आधी पील केलं तर? (वाचक, ठाणे पश्चिम)

क्रम उलटा करा. तुमचा तळवा जाड आहे म्हणूनच तापलेला रस्ता, खडी आणि काच तुम्ही सोसू शकता. आठवडाभर आधी पील केलंत तर घट बसतील त्या दिवशी पायाखाली नवी, कोवळी कातडी असेल. दसरा होऊ द्या, पायावरचे ओरखडे भरू द्या, मग करा. पाम बीच रस्त्यावर पहाटे धावणाऱ्यांपैकीही दोघांनी घट्ट्यांबद्दल विचारलंय, त्यांनाही हेच सांगेन. शर्यतीच्या आधी घट्टे काढलेत तर त्याच जागी फोड येतील.

पील केल्यावर तासाभराने पाय जळजळायला लागले. दुसऱ्या दिवशी घोट्याजवळ लाली आणि पाण्याचे दोन फोड. हे पीलचंच काम आहे का? (वाचक, वाशी)

नाही, हे आम्लाने भाजणं आहे. हलकं चुरचुरणं चालतं, पण जळजळ सुरू झाली की पाकिटावर किती मिनिटं लिहिलीत ते बघत बसायचं नाही. मोजे काढून वाहत्या साध्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं पाय धरायचे. घोट्याजवळची त्वचा तळव्यापेक्षा कितीतरी पातळ असते आणि मोज्यातला द्रव तिथे वर येतो. त्या भागाचं वॅक्सिंग किंवा शेव्हिंग दोन-तीन दिवसांत केलेलं असेल तर आणखी लागतं.

आता फोड फोडू नका. पेट्रोलियम जेली लावून स्वच्छ गॉजने झाका. टूथपेस्ट, हळद, लिंबू काही नको. लाली पसरली, पू दिसला किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पुढे कधी करायचं झालं तर एक दिवस आधी पाकिटाचा कोपरा कापून कापसावर दोन थेंब घ्या आणि घोट्याच्या आतल्या बाजूला लावून बघा. पाकीट दुमडून चिमट्याने बंद करा. दुसऱ्या दिवशी तिथे लाली असेल तर ते पाकीट फेकून द्या. पैसे गेले तर जाऊ देत. ऍस्पिरिनची ऍलर्जी असणाऱ्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आणि सोरायसिस किंवा एक्झिमा असणाऱ्यांनी हे पील टाळावं. शाळकरी मुलांच्या पायाला त्याची गरजच नसते.

उजव्या पायाची कातडी वर्षभर सोलतेय. बोटांच्या बेचकीत खाज आणि वास. ऑफिसला जाताना बूट भिजतात. दोन वेळा पील केलं, महिन्यात पुन्हा तसंच. (वाचक, वर्तकनगर)

एकाच पायाची कातडी सतत सोलते, बेचकीत खाज आहे, तर बुरशीचा संसर्ग असण्याची शक्यता मोठी आहे. बेचकीतल्या त्याच्या रूपाला आपण चिखल्या म्हणतो. तळव्यावर तो नुसता कोरडेपणा वाटावा असा पिठूळ दिसतो, म्हणून फसायला होतं. पीलने वरचा थर जातो, बुरशी राहते. त्वचारोगतज्ज्ञ थोडी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतील आणि त्यानुसार औषध देतील. तोपर्यंत दुकानातून मिळणारं स्टिरॉइड मिसळलेलं मलम लावू नका. खाज थांबते आणि आत बुरशी पसरत राहते. बुटांचे दोन जोड ठेवा, भिजलेला जोड पूर्ण वाळल्याशिवाय पायात घालू नका, पाय धुतल्यावर बेचक्या कोरड्या करा.

पावसाळ्यात पील टाळा असं मी सगळ्यांनाच सांगते, तुम्हाला तर जास्तच. ठाण्यात जोराचा पाऊस झाला की वंदना टॉकीजच्या परिसरात पाणी तुंबतं आणि त्यातूनच घर गाठावं लागतं. अशा पाण्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू आलेले असू शकतात, आणि सोललेल्या कातडीतून ते सहज शरीरात शिरतात. पायाला जखम किंवा सोललेली जागा असताना अशा पाण्यातून चालावं लागलं तर घरी पोचताच पाय साबणाने धुवा आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळीबद्दल विचारा. ताप येण्याची वाट बघू नका.