विक्रीपूर्वी जुन्या फ्लॅटची दुरुस्ती नेमकी किती करावी?

इंदिरानगरमधील 20 वर्षे जुना टू बीएचके फ्लॅट विकण्यापूर्वी फरशी, ओटा आणि बाथरूम नव्याने करून घ्यावे की नुसता रंग देऊन तो विक्रीस काढावा, असे आपण विचारले आहे. नाशिकमध्ये जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामे करणारा म्हणून माझे मत असे आहे की, दोन्ही गोष्टी तूर्त बाजूला ठेवून आधी घरातील ओल शोधावी, कारण जुन्या फरशीकडे काणाडोळा करणारे गिऱ्हाईकही छताच्या कोपऱ्यातील डाग पाहून भाव पाडते किंवा परत फिरकत नाही.

भिंतीचे पापुद्रे सुटून पांढरा खार दिसू लागला की रंगारी तो खरवडतो, लांबी भरतो आणि वर प्लास्टिक पेंटचे दोन हात मारतो. पाणी मुरण्याचे मूळ कारण कायम असल्यामुळे भिंतीतील क्षार पुन्हा पृष्ठभागावर येतात आणि नवा रंगही नेमका तिथेच सुटतो. म्हणून गळती कोठून आहे हे आधी ठरवावे. नळ वापरात नसतानाही ओल वाढत असेल तर भिंतीतील दाबाच्या पाइपाचा संशय धरावा. आंघोळीनंतरच वाढत असेल तर दोष फरशीच्या सांध्यांत, त्याखालच्या वॉटरप्रूफिंगमध्ये किंवा नहाणी ट्रॅपपाशी (सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्यापाशी) असण्याची शक्यता अधिक. खात्रीसाठी ट्रॅपमध्ये बोळा घट्ट बसवून बाथरूममध्ये दोन बोटे पाणी चोवीस तास साठवावे आणि खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांना विनंती करून त्यांचे छत पाहावे. बरेचदा ट्रॅपभोवतालचा भाग फोडून सांधा नीट करणे आणि फरशीच्या फटी खरवडून त्यांत इपॉक्सी ग्राउट (पाणी न मुरणारे भरण) भरणे एवढ्यावर काम भागते. सगळे बाथरूम उखडण्याचा सल्ला कोणी पहिल्याच भेटीत दिला, तर दुसऱ्यालाही दाखवून घ्यावे.

आपला फ्लॅट वरच्या मजल्यावर असेल आणि गळती गच्चीतून असेल, तर गच्ची सामाईक असल्याने ती दुरुस्ती सोसायटीने करावयाची असते. लेखी अर्ज देऊन त्याची पोच आपल्याजवळ ठेवावी. स्लॅबचा पोपडा पडून सळई उघडी झाली असेल तर त्यावर नुसते सिमेंट थापू देऊ नये. गंजाने सळई फुगते आणि वरचे काँक्रीट ढकलून पाडते, त्यामुळे गंज घासून काढणे, गंजरोधक लेप देणे आणि मगच पॉलिमर मॉर्टरने (पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या मालाने) भरणे, हाच क्रम पाळावा.

ओल झाकून घर विकावे, असे सुचवणारे एजंट भेटतात. मात्र 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातील कलम 55 नुसार, विक्रेत्याला माहीत असलेला पण खरेदीदाराला सहज न दिसणारा महत्त्वाचा दोष उघड करणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. काय दुरुस्त केले हे बिलासह दाखवावे. त्याने सौदा बिघडत नाही, उलट घासाघीस कमी होते असा माझा अनुभव आहे.

ओटा, ट्रॉल्या आणि फरशी यांना हात लावू नये. नवा मालक ते आपल्या आवडीने बदलतो आणि आपल्या ग्रॅनाइटचे पैसे मोजायला तो तयार नसतो. त्याऐवजी गळके नळ, अडकणाऱ्या सरकत्या खिडक्या, सैल कड्या आणि करपलेली बटणे बदलावीत. बाल्कनी बंद करून खोलीत घेतली असल्यास मंजूर नकाशा आधीच काढून ठेवावा. खरेदीदाराच्या कर्जासाठी बँकेचा मूल्यांकनकर्ता आला की हा प्रश्न निघतोच.

वेळेचे म्हणाल तर गळतीचे काम पावसाळ्यापूर्वी उरकावे, एक पाऊस त्यावरून जाऊ द्यावा आणि भिंती पूर्ण वाळल्यावर फिकट रंग द्यावा. पितृपक्षात व्यवहार थंडच असतात, तेव्हा तो पंधरवडा रंगकामासाठी सोयीचा असतो आणि दसऱ्याला घर दाखवण्याजोगे होते. तोवर महापालिकेची घरपट्टी, पाणीपट्टी आणि महावितरणचे बिल भरून सोसायटीचा ना-देय दाखला मिळवावा. हे सर्व दसऱ्यापर्यंत जुळत नसेल, तर बाकीची कामे राहू द्यावीत. पण ओलीचे काम अर्धवट ठेवून घर दाखवायला काढू नये.