बाइकचा टायर काढायचा-चढवायचा चेंजर घेतलास, आता पहिला टायर
मस्त केलंस, पण सुरुवात पुढच्या चाकाने कर, मागचा रुंद टायर पहिल्यांदाच घेतलास तर घाम काढेल. व्हॉल्वची पिन काढून हवा पूर्ण सोड, मग बीड (रिममध्ये बसणारी टायरची कड) तोड, म्हणजे रिमपासून सोडव. आणि खरी गोम इथेच आहे, लिव्हर जड जायला लागला की जोर लावायचा नाही, समोरच्या बाजूचं बीड गुडघ्याने दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात उतरवायचं, लगेच सैल पडतं. मी नुसता जोर लावत बसलो आणि कोरी ट्यूब दोन ठिकाणी चिमटली, रात्री पंक्चरवाल्याकडे गेलो तर तो वर हसला 😅

हमखास होणाऱ्या चुका:
- साबणाच्या पाण्यात कंजूषी (ऑइल-ग्रीस अजिबात नको)
- ट्यूब रिकामीच आत कोंबणं, गोल होईल इतकी हवा भर
- टायरवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण उलटा

टायर चढवताना बीडचा शेवटचा तुकडा व्हॉल्वपाशी चढव. बॅलन्सिंगचं (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं) नंतर बघू, आधी एक बसू दे.