जर्मन ब्लू रॅम हे शोभेचे मासे आणले की दोन-तीन आठवड्यांत मरतात. पाणी स्वच्छ आहे, अमोनिया शून्य आहे, मग चुकतंय काय? आणि जोडी ठेवली तर पिल्लं होतील का?

प्रश्नाखाली तुम्ही जो तपशील दिलाय, त्यातच बरंचसं उत्तर आहे : टाकी लावून महिना झालाय, तापमान २५ अंश आहे आणि पीएच (पाण्याची आम्लता दाखवणारा आकडा, जितका कमी तितकं पाणी जास्त आम्ल) उतरवायला रोज बाटलीतले थेंब घालताय.

आधी नायट्राइट मोजा, कारण तो आकडा तुम्ही दिलेलाच नाही. माशांच्या शरीरातून आणि सडणाऱ्या अन्नातून अमोनिया येतो, काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. हे दुसरे मागाहून वाढतात. म्हणून महिनाभराच्या टाकीत अमोनिया शून्य आणि नायट्राइट मात्र चढलेलं, हे नेहमीचंच दृश्य. नायट्राइट कल्ल्यांवाटे रक्तात शिरलं की रक्ताला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. मासा पृष्ठभागाशी धापा टाकतो, कल्ले लालऐवजी तपकिरी दिसतात. पाणी मात्र काचेसारखं नितळ! चिवट जातीचे मासे यातून कसेबसे तरतात, रॅम तरत नाही. माझ्याकडे नव्या टाकीत रॅमला प्रवेशच नाही. आधी काही महिने दुसरे मासे आणि भरपूर झाडं, मग रॅम.

आता पीएच. हा मासा ओरिनोको नदीच्या खोऱ्यातला. व्हेनेझुएला आणि कोलंबियाच्या गवताळ सपाट प्रदेशातलं उथळ, उबदार, मऊ (कमी क्षारांचं), आम्लधर्मी पाणी हे त्याचं घर. एवढं वाचलं की लोक पीएच ६ च्या मागे लागतात. पण विकत मिळणारे बहुतेक रॅम फार्मवर वाढलेले असतात आणि सातच्या आसपासचा पीएच ते चालवून घेतात. त्यांना सोसत नाहीत ते हेलकावे. थेंब घातल्यावर पीएच उतरतो, पण पाण्यातली कार्बोनेटं (एक प्रकारचे क्षार) थेंबांतलं आम्ल पचवतात आणि काही तासांत काटा पुन्हा वर. तुम्ही परत थेंब घालता. असं करता करता एक दिवस कार्बोनेटं संपतात, आणि मग पीएच एका रात्रीत कोसळतो. सातावरून सहावर येणं म्हणजे आम्लता दसपट वाढणं, हे लक्षात घ्या. बाटली आजच बंद करा. पाणी फारच जड, म्हणजे जास्त क्षारांचं, असेल तर आरओचं (क्षार गाळून काढलेलं) पाणी मिसळा, पण बादलीत, आणि दर वेळी त्याच प्रमाणात. नुसत्या आरओवर टाकी चालवू नका. त्यात पीएच धरून ठेवणारं काही उरलेलंच नसतं.

२५ अंश रॅमला थंड पडतं. २८-२९ हवं, दिवसाला एक अंश याप्रमाणे चढवा. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, त्यामुळे स्पंज फिल्टर किंवा एअर पंपाने पृष्ठभाग हलता ठेवा. सोबतीला कार्डिनल टेट्रा मासे चांगले, त्यांना ही ऊब मानवते. आठवड्याला पाव भाग पाणी बदललंत तर पुरे, फक्त नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि त्याच तापमानाचं असू द्या.

आणि हो, मासा मुळात निरोगी आणता का? कोवळ्या वयातच भडक रंगलेले रॅम मी घेत नाही. रंग चढवायला हार्मोन देण्याचे प्रकार चालतात. विक्रेत्याला समोर खायला घालायला सांगा. धडधाकट रॅम तळाशी जाऊन तोंडभर वाळू उचलतो, चाळतो आणि कल्ल्यांतून सोडून देतो. घास तोंडात घेऊन लगेच थुंकणारा, कोपऱ्यात काळपट पडून राहिलेला किंवा पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा लोंबणारा मासा तिथेच ठेवा. ती विष्ठा बहुधा आतड्यातल्या परजीवींची खूण असते. घरी आणल्यावर दिसली तर वेगळ्या टाकीत मेट्रोनिडाझोल हे औषध अन्नात मिसळून देतात. खाणं बंद झालं की औषध पोटात जाणार कसं? म्हणून वाट पाहत बसू नका. नव्या माशांना तसंही तीन-चार आठवडे वेगळं ठेवलेलं बरं.

पिल्लं होतील, पण घाई नको. मादीच्या पोटाला गुलाबी छटा असते, तीवरून जोडी ओळखता येते. एक सपाट दगड द्या. दोघं तो तोंडाने घासून साफ करतील आणि त्यावर अंडी घालतील. पहिल्या काही खेपांना अंडी खाऊन टाकणं फार्मवरच्या जोड्यांत सर्रास चालतं, त्यावर इलाज शोधत बसू नका. टिकली तर दोन-तीन दिवसांत फुटतात, आणि आणखी साधारण पाच दिवसांनी पिल्लं पोहायला लागतात. त्यांना ताजी उबवलेली आर्टेमिया (कोळंबीसारखे अगदी बारीक जीव) लागते. सुरुवातीला तीही मोठी पडते, तेव्हा इन्फ्युसोरिया, म्हणजे पाण्यातले सूक्ष्मजीव, आधीच तयार ठेवा.