जकात हे दान आहे की कर? तिचा हिशेब कसा होतो आणि ती कोणाला देतात?

आपला प्रश्न असा आहे की, इस्लामच्या पाच स्तंभांपैकी जकातीला सर्रास दान म्हटले जाते. पण तिचा दर अडीच टक्के असा ठरलेलाच असेल, तर तिला दान म्हणायचे की कर, ती न दिल्यास काय होते आणि ती मुसलमानेतर गरिबाला देता येते का. मी कोकणी मुसलमान आहे, हिशेब लिहिणे हा माझा व्यवसाय आहे आणि रमजानच्या सुमारास नात्यातले व ओळखीचे लोक जकात काढून घेण्यासाठी माझ्याकडे येतात, त्यामुळे या विषयाची व्यावहारिक बाजू मला जवळून माहीत आहे. फतवा देण्याचा अधिकार माझा नाही. जेथे मतभेद आहेत तेथे ते मतभेद म्हणूनच सांगतो.

जकात ही मुळात इबादत आहे, म्हणजे नमाज आणि रोजा यांच्याइतकीच उपासना आहे, आणि त्या दोहोंप्रमाणे तिलाही निय्यत, म्हणजे मनातील संकल्प, लागते. वर्षभर कितीही खैरात केली, पण जकातीची निय्यत नव्हती, तर जकात डोक्यावर राहतेच. कुराणात नमाज आणि जकात यांचा उल्लेख अनेक ठिकाणी जोडीने येतो आणि सूरह मआरिज या अध्यायात श्रद्धावंतांच्या मालमत्तेत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ठरलेला हक्क असल्याचे सांगितले आहे. हा ‘हक्क’ लक्षात घेतला की आपल्या प्रश्नातील पेच बराचसा सुटतो. रक्कम ठरलेली आहे, कारण ती देणाऱ्याची उरलेलीच नाही. ती दुसऱ्याची असून काही काळ याच्याकडे ठेव म्हणून होती. म्हणून जकात देणाऱ्याने उपकार केल्याचा आव आणणे हे धर्माच्या दृष्टीने गैर आहे, आणि देऊन नंतर बोलून दाखवले तर ते देणे वाया जाते, असेही कुराणात स्पष्टपणे आले आहे.

यामागची श्रद्धा समजून घेतल्याशिवाय केवळ टक्केवारी पाहणे अपुरे ठरेल. अल्लाह एकच आहे, फरिश्ते, ईश्वरी ग्रंथ आणि पैगंबर सत्य आहेत, कयामतच्या दिवशी प्रत्येकाला जाब द्यावा लागेल आणि बरेवाईट नशीब अल्लाहच्या हाती आहे, ही ईमानाची सर्वमान्य अंगे होत. जकातीचा थेट संबंध यांपैकी जाब देण्याच्या दिवसाशी आहे. सूरह तौबामध्ये सोने-चांदी साठवून ती अल्लाहच्या मार्गात खर्च न करणाऱ्यांना इशारा आहे की, तोच साठा तापवून त्यांच्या कपाळांवर, कुशींवर आणि पाठींवर डाग दिले जातील. न दिल्यास काय होते, या प्रश्नाचे भारतातील मुसलमानापुरते उत्तर एवढेच आहे. येथे वसुलीला कोणी येत नाही, नोटीस निघत नाही, दंड लागत नाही. महापालिकेच्या जुन्या जकात नाक्याशी असलेले साम्य केवळ नावापुरते आहे.

प्रारंभीच्या काळात मात्र तिला राजकीय बाजूही होती. मदिनेत जकात सक्तीची झाल्यानंतर ती गोळा करण्यासाठी माणसे पाठवली जात. पैगंबर मुहंमद यांच्या निधनानंतर, 632 मध्ये, काही अरब टोळ्यांनी अशी भूमिका घेतली की, आम्ही नमाज पढू, परंतु जकात मदिनेला पाठवणार नाही. पहिले खलिफा अबू बक्र यांनी नमाज आणि जकात यांच्यात फरक करणाऱ्यांशी लढण्याचा निर्णय घेतला. उमर यांच्यासारख्या निकटच्या सहकाऱ्यालाही हा निर्णय आरंभी पटला नव्हता, हे विशेष.

आता हिशेबाकडे येतो, कारण लोकांची खरी गफलत येथे होते. जकात प्रत्येकावर लागू नाही. ज्याच्याकडे निसाबाइतकी, म्हणजे ठरलेल्या किमान मर्यादेइतकी, मालमत्ता आहे आणि तिच्यावर चांद्र वर्ष उलटले आहे त्याच्यावरच ती लागू होते. निसाब मूळचा 20 दीनार सोने किंवा 200 दिरहम चांदी असा आहे आणि आपल्याकडील मौलवी तो साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी असा सांगतात. हा तोळा जुना, म्हणजे 11.664 ग्रॅमचा आहे; सराफाच्या दुकानात आज 10 ग्रॅमला तोळा म्हणतात. त्यामुळे साडेसात तोळे म्हणजे 75 ग्रॅम नव्हेत, तर सुमारे साडेसत्त्याऐंशी ग्रॅम, आणि साडेबावन्न तोळे चांदी म्हणजे सुमारे 612 ग्रॅम. पावत्यांवरील ग्रॅम आणि तोंडी सांगितलेले तोळे यांची गल्लत झाल्याने हिशेब चुकलेला मी अनेकांच्या बाबतीत पाहिला आहे.

त्या काळी 20 दीनार आणि 200 दिरहम यांचे मोल साधारण सारखे होते. आज चांदी सोन्याच्या तुलनेत इतकी स्वस्त आहे की दोन्ही निसाबांत प्रचंड अंतर पडले आहे. हनफी या सुन्नी विधिपंथाच्या मतानुसार केवळ सोनेच असेल आणि ते साडेसात तोळ्यांहून कमी असेल, तर जकात नाही. परंतु सोन्याबरोबर थोडी रोकड असेल, तर सर्वांची एकत्र किंमत करून ती चांदीच्या निसाबाशी ताडून पाहतात. परिणामी, पाच तोळे सोने आणि हातात काहीही नसलेली स्त्री सुटते, आणि तीन तोळे सोने व बँकेत थोडे पैसे असलेली स्त्री जकातीत येते. हे ऐकून लोक चक्रावतात, आणि त्यांचे चक्रावणे मला रास्त वाटते. तरीही, शंका असेल तेथे गरिबाच्या बाजूने कल द्यावा हा जो विचार चांदीचा निसाब धरण्यामागे आहे, तो मला पटतो.

वर्ष चांद्र असल्याने ते सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असते. जो 31 मार्चच्या ताळेबंदावर जकात काढतो, तो 33 वर्षांत 33 वेळा जकात देईल. चांद्र गणनेने त्याच अवधीत 34 वर्षे होतात, म्हणजे एका वर्षाची जकात बुडते. माझ्याकडे येणाऱ्या व्यापाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो. तारीख रमजानचीच असली पाहिजे असेही नाही. मालमत्ता ज्या दिवशी प्रथम निसाबाला पोहोचली, ती चांद्र तिथी खरी. रमजानमध्ये सवाब, म्हणजे पुण्य, अधिक मिळतो या श्रद्धेने बहुतेक लोक त्या महिन्यात हिशेब करतात, इतकेच.

जकात मिळकतीवर नसून शिलकीवर आहे, हा तिचा आणि आयकराचा मोठा फरक. राहते घर, घरातील सामान, वापराचे वाहन आणि धंद्याची अवजारे यांच्यावर जकात नाही. समजा, कापडाच्या एका दुकानदाराकडे बाजारभावाने 6 लाखांचा माल आहे, गल्ला आणि बँक मिळून दीड लाख आहेत, गिऱ्हाइकांकडून 1 लाखाची उधारी येणे आहे आणि घाऊक व्यापाऱ्यांना अडीच लाख देणे आहे. हनफी पद्धतीने देणे वजा जाऊन 6 लाख उरतात आणि जकात 15,000 रुपये होते. दुकानातील कपाटे, पंखे आणि माल पोहोचवण्याची स्कूटर यांची किंमत धरायची नाही. भाड्याने दिलेल्या खोलीची किंमतही धरायची नाही, तिच्या भाड्यातून शिल्लक राहिलेली रक्कम धरायची; परंतु विकण्याच्याच हेतूने घेतलेल्या भूखंडाची दरवर्षीची बाजारभावाने होणारी किंमत धरावी लागते. गृहकर्जाचे संपूर्ण ओझे वजा करून जकातीतून सुटू पाहणारे पुष्कळ आहेत. अनेक मुफ्ती, म्हणजे फतवा देणारे धर्मपंडित, मात्र त्या वर्षाचे देय हप्तेच वजा करू देतात.

महाराष्ट्रात या हिशेबाला आणखी एक पदर आहे. कोकणी मुसलमान परंपरेने शाफई या दुसऱ्या सुन्नी विधिपंथाचे, तर राज्यातील इतर बहुसंख्य सुन्नी मुसलमान हनफी आहेत. अंगावर घालण्याच्या दागिन्यांवर हनफी मतानुसार जकात आहे; शाफई मतानुसार स्त्रीच्या नेहमीच्या वापरातील दागिन्यांवर नाही, मात्र केवळ साठा म्हणून ठेवलेल्या सोन्यावर आहे. म्हणजे रत्नागिरीच्या सासरी आलेल्या पुण्याच्या सुनेने माहेरच्या मताप्रमाणे आपल्या पाटल्या आणि बांगड्या वजनकाट्यावर ठेवायच्या आणि सासूने तशाच पाटल्या न मोजता हातात घालायच्या, हे एकाच घरात घडू शकते, आणि दोघींपैकी कोणीही चुकत नाही.

शेतीच्या उत्पन्नाचा नियम आणखी वेगळा आहे. तेथे वर्ष उलटण्याची वाट पाहायची नसते. पीक हाती आले की पावसाच्या पाण्यावरील पिकाचा दहावा आणि पाणी उपसून भिजवलेल्या पिकाचा विसावा हिस्सा द्यायचा, ज्याला उश्र म्हणतात. शाफई मतानुसार तो साठवणीच्या मुख्य धान्यांवर आणि फळांपैकी केवळ खजूर व द्राक्षे यांच्यावर आहे. त्यामुळे भाताच्या खळ्यावर तो लागू होऊ शकतो आणि हापूसच्या बागेवर होत नाही. आंबा विकून आलेले पैसे वर्षभर शिल्लक राहिले तरच ते जकातीत येतात. हनफी पंथाचे प्रवर्तक इमाम अबू हनीफा यांच्या मताने आंब्यावरही उश्र आला असता.

जकात कोणाला द्यायची, हे देणाऱ्याच्या मर्जीवर नाही. सूरह तौबाच्या 60व्या आयतीत आठ वर्ग सांगितले आहेत: निर्धन, गरजू, जकात गोळा करणारे कर्मचारी, ज्यांची मने जोडायची आहेत असे लोक, गुलामीतून सुटू पाहणारे, कर्जात बुडालेले, अल्लाहच्या मार्गातील लोक आणि वाटेत अडचणीत सापडलेला प्रवासी. आईवडील, आजीआजोबा, मुले आणि नातवंडे यांना ती देता येत नाही, कारण त्यांचा सांभाळ हे तसेही आपले कर्तव्य आहे. गरीब भाऊ, बहीण, मावशी किंवा आत्या यांना मात्र देता येते आणि त्यांना आधी द्यावे असेच सांगितले आहे. पावतीपुस्तक घेऊन दारात येईल त्याच्या हाती रक्कम देऊन मोकळे होण्याची जी सवय आपल्या समाजात पडली आहे, ती मला म्हणूनच आवडत नाही. हनफी मतानुसार रक्कम प्रत्यक्ष एखाद्या गरजूच्या मालकीची करावी लागते; जकातीच्या पैशांतून मशिदीचे बांधकाम करता येत नाही, त्यासाठी वेगळी देणगी लागते. घेणाऱ्याला ही जकात आहे असे सांगण्याची आवश्यकता नाही. विधवा बहिणीच्या मुलांना ईदी म्हणून पाकीट दिले आणि मनात निय्यत जकातीची असली, तरी ती अदा होते.

कर या बाजूने पाहायचे तर काही देशांत ती सरकारी यंत्रणेत आली आहे. पाकिस्तानात जनरल झिया उल हक यांच्या राजवटीत 1980 मध्ये अध्यादेश निघाला आणि बचत खात्यांतून रमजानच्या पहिल्या तारखेला अडीच टक्के कापून घेण्यास सुरुवात झाली. शिया समाजाचे जकातीचे नियम वेगळे असल्याने त्याने इस्लामाबादमध्ये मोठे आंदोलन केले आणि त्याला सूट मिळाली. त्यानंतर रमजान तोंडावर आला की खात्यातून पैसे काढून घेणारे लोकही तेथे दिसू लागले. उपासनेची निय्यत बँकेने करायची, हा प्रकार मला तरी विसंगत वाटतो. मलेशियात जकातीचे व्यवस्थापन राज्यांच्या धार्मिक संस्था करतात आणि दिलेल्या जकातीइतकी सवलत व्यक्तीच्या आयकरात मिळते.

फितरा, म्हणजे रमजान संपताना द्यायचे वेगळे दान, ही जकात नव्हे, हेही सांगून ठेवतो, कारण दोहोंची नावे एकाच महिन्यात कानावर पडतात. फितरा माणशी असतो, तान्ह्या मुलाच्या नावानेही काढला जातो आणि तो ईदच्या नमाजापूर्वी द्यावा लागतो. हनफी लोक पावणेदोन किलोच्या आसपास गव्हाची किंमत देतात. शाफई लोकांत मुख्य अन्न, म्हणजे कोकणात तांदूळ, माणशी अडीच किलोच्या आसपास देण्याची रीत आहे.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर असे की, बहुसंख्य फकीहांच्या, म्हणजे इस्लामी कायद्याच्या जाणकारांच्या, मते जकात मुसलमान गरजूलाच द्यावी लागते, अपवाद मन जोडण्याच्या वर्गाचा, आणि त्याच्या व्याप्तीवरही मतभेद आहेत. सदका आणि खैरात या ऐच्छिक दानांना मात्र असे बंधन नाही. त्या कोणत्याही धर्माच्या गरजूला देता येतात आणि इमाम अबू हनीफा यांनी फितराही मुसलमानेतर गरिबाला देण्याची मुभा दिली आहे. त्यामुळे शेजारच्या मुसलमानेतर घरातील रुग्णाच्या उपचारांना हातभार लावायचा असेल, तर मी ती रक्कम जकातीच्या खात्यावर न टाकता सदक्याच्या खात्यावर लिहायला सांगतो. सदक्याला वरची मर्यादा नाही, त्यामुळे जकातीचा आकडा पूर्ण झाला म्हणून ही मदत थांबवण्याचे कारण उरत नाही.