आधी रजिस्टर उघड

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

परवा तू उठून गेलीस तेव्हा तुझ्या चहावर साय धरली होती. नाशिकच्या कॉन्व्हेंट शाळेचा इतिहास लिहायला घेतलायस, आणि तासभर तुझं एकच चाललं होतं, शाळेचं स्थापनावर्ष कोणतं धरायचं? कोनशिलेवर एक, मान्यतेच्या पत्रावर दुसरं, म्हाताऱ्या सिस्टर सांगतात ते तिसरं. अगं, तिन्ही खरी असू शकतात. सिस्टर आधी पडवीत दहा-बारा मुली घेऊन बसतात, मग दरवर्षी एकेक इयत्ता वाढते, मान्यता मागून येते. तिन्ही वर्षं लिही आणि पुढं हो.

रजिस्टर उघडलंस का? जनरल रजिस्टर, ज्यावरून दाखले देतात ते. नाही ना उघडलंस? वाटलंच मला.

आणि पहिल्या प्रकरणातून शरणपूर काढून टाक. नाशकात ख्रिस्ती शिक्षण म्हटलं की जो तो शरणपूरला धावतो. मीही धावले होते आणि तसं छापलंही होतं. ती चर्च मिशनरी सोसायटीची, प्रॉटेस्टंटांची वसाहत. गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथं शिकली, त्यांतला जेकब वेनराइट १८७४ साली आफ्रिकेचा शोधप्रवासी लिव्हिंगस्टन याचं शव घेऊन इंग्लंडला पोचला. गोष्ट सोन्यासारखी आहे, पण तुझ्या सिस्टरांची नाही. कॅथलिक कागद हवेत तर पुण्याला पत्र टाक. पुणे धर्मप्रांत १८८६ चा, त्यातून नाशिक वेगळं झालं थेट १९८७ साली, बिशप थॉमस भालेरावांपासून.

कॉन्व्हेंटची क्रॉनिकल, म्हणजे सिस्टरांनी ठेवलेली घडामोडींची वही, दाखवली तर वाचच. कोण सिस्टर कधी आली, कुठं बदलून गेली, बिशप कधी येऊन गेले, सणाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, कुणी केली, सगळं मिळेल. मुली क्वचित मिळतील. मुली रजिस्टरात आहेत.

मी हे इतकं का घोकते, तेही सांगते. मी जिथं शिकवत होते (नाव घेत नाही, तिथले लोक अजून मला दिवाळीला फोन करतात) त्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं काम माझ्याकडे होतं. तेव्हा मी रजिस्टर उघडलं होतं. १९७२ च्या पानावर सिन्नरकडच्या बोर्डिंगच्या अकरा मुली, एकाखाली एक. ‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यात पहिलीपुढं ‘सतत गैरहजर, नाव कमी केले’, आणि खाली दहा वेळा नुसत्या दोन रेघा, वरीलप्रमाणे. निळी शाई, सुरेख वळण. दुष्काळाचं वर्ष ते. सुट्टीला गेलेल्या पोरी आईबापांबरोबर खडी फोडायला गेल्या असणार, परत आल्या नाहीत. ‘वर्तणूक’ या रकान्यात सगळ्यांची ‘चांगली’.

आणि स्मरणिकेत मी काय छापलं? ‘१९७२ मध्ये नूतन सभागृहाचे उद्घाटन झाले.’

मी विचारलं होतं, अकरा नावं घालू का म्हणून. उत्सवाच्या अंकात हे कशाला, असं उत्तर आलं. वाईट हेतूनं नव्हे. प्रिंटरचा रोज निरोप यायचा, जाहिरातींची पानं आधीच भरलेली, घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मी एकटीनं काय करायचं होतं? तू माझ्या जागी असतीस तर तूही सभागृहच छापलं असतंस. निदान मला तसं वाटून घ्यायचं आहे. पण नावं वहीत उतरवून घ्यायला कुणी अडवलं होतं? कुणीच नाही. निवृत्त झाल्यावर मुद्दाम गेले. रजिस्टरं गळक्या खोलीत हलवली होती, त्या खंडाची पानं ओल्या पापडांसारखी एकमेकांना चिकटलेली. मला दोनच नावं आठवतात, तीही अर्धी.

म्हणून म्हणते, आधी रजिस्टर. मुख्याध्यापिकांची यादी तुला ऑफिसच टाइप करून देईल. तू रकाने वाच. जन्मगाव वाच, पूर्वीची शाळा वाच. पत्ते असतील तर रेल्वे, देवळाली कॅम्प, प्रेस असे वेगळे काढ. नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात, त्या प्रेसमधल्या बापांच्या लेकी कुठल्या वर्षापासून दिसतात ते बघ. ‘लग्न’ हे कारण कितवीपर्यंत येतं आणि कधी थांबतं? १९७५ ला जुनी अकरावी आणि नवी दहावी दोन्ही बोर्डाला बसल्या, त्या वर्षी दाखल्यांची गर्दी उगाच शाळेचा उत्कर्ष समजू नकोस. फोटोंवर तारखा नसतील तर सिस्टरांचे कपडे बघ. कॅथलिक चर्चमध्ये सुधारणा करणारी व्हॅटिकनची दुसरी परिषद १९६५ ला संपली, त्यानंतर सिस्टरांच्या बऱ्याच संघांत पायघोळ झगे जाऊन साड्या आल्या. एवढं पुरे. फोटोंत रमू नकोस, मी रमले होते.

‘नाराज होतील’ असं तू दोनदा म्हणालीस. होऊ देत. तू छाप अथवा नको छापूस, पण उतरवून घे.

जूनमध्ये जाऊ नकोस, प्रवेशांच्या धांदलीत क्लार्क तुला दारातूनच परत पाठवतील. आत्ताच जा, दुपारी, त्यांचा डबा खाऊन झाल्यावर. पेन्सिल ने, पेन नको. जुन्या पानावर शाईचा एक थेंब पडला तर ते तुला पुन्हा कपाटाजवळ फिरकू देणार नाहीत.

तुझी,
बाई