कट्यार आरपार जाते, पण वार लागत नाही

प्रश्न : ‘मॉरोविंड’ हा जुना व्हिडिओ गेम मोठ्या उत्साहाने सुरू केला. पहिल्याच गुहेत लुटारू हातभर अंतरावर उभा, कट्यार त्याच्या अंगातून जाताना दिसते, तरी दहातले नऊ वार वाया जातात आणि मरतो मीच. ‘डार्क सोल्स’सारखा अवघड लढायांचा गेम पूर्ण केलेल्या माणसाला इथे लढता येत नसेल, तर चूक कुणाची?

उत्तर : गेमची. २००२ सालच्या या गेममध्ये वार लागला की नाही हे पडद्यावरची कट्यार ठरवतच नाही, आत फासे पडतात. डोळ्यांना एक दाखवायचं आणि हिशेब दुसराच करायचा, याचा मला आजही राग येतो. ‘डार्क सोल्स’मध्ये मेलात तरी का मेलात ते दिसतं.

वार लागण्याच्या शक्यतेचा हिशेब असा. शस्त्राचं स्किल, त्यात चपळाईचा पाचवा भाग आणि नशिबाचा दहावा भाग मिळवायचा. दम पूर्ण असेल तर या बेरजेच्या सव्वापट, संपला असेल तर पाऊणपट. सुरुवातीच्या कचेरीतली टेबलावरची लोखंडी कट्यार तुम्ही उचललीच असणार. पण पात्र घडवताना शॉर्ट ब्लेड, म्हणजे कट्यारीसारख्या छोट्या पात्यांचं स्किल, निवडलं नसेल, तर ते स्किल जेमतेम ५. चपळाई आणि नशीब ४०-४० धरलं तर बेरीज १७. त्यात गुहेपर्यंत धावत गेलात, म्हणजे दमाची हिरवी पट्टी रिकामी. उरले पावणेतेरा टक्के, आणि समोरच्याची वार चुकवण्याची ताकद त्यातूनही वजा. तेच शॉर्ट ब्लेड ३० आणि दम भरलेला असता, तर साडेबावन्न.

मी स्वतः दोन संध्याकाळी अशाच घालवून गेम बंद केला होता. पुढे एकदा लढताना शत्रूऐवजी त्या हिरव्या पट्टीकडेच बघत राहिलो, तेव्हा उलगडा झाला.

तुम्ही अजून पहिल्याच गुहेत आहात, तेव्हा नवं पात्र घडवलंत तरी फार काही जाणार नाही. नाहीतर ज्या शस्त्राचं स्किल तुमच्याकडे जास्त आहे तेच हातात घ्या. भराभर क्लिक करू नका. बटण दाबून धरलं की वार पूर्ण ताकदीचा बसतो. घाईत सोडलं तर इजा कमीत कमी आणि दम मात्र खर्च होतो. सेटिंगमध्ये नेहमी सर्वोत्तम वार वापरण्याचा पर्यायही चालू करा.

आणि त्या लुटारूसमोर जाण्याआधी गुहेबाहेर तासभर विश्रांती घ्या. पट्टी काठोकाठ भरू द्या, मगच आत शिरा, चालत.